जमिनीखालचं तेल आणि दोन पंपांची विहीर

सप्टेंबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात न्यूटाउन क्रीक या खाडीच्या काठातून तेल झिरपताना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून दिसलं. शोध घेतला तेव्हा कळलं, की काठावरच्या ग्रीनपॉइंट वस्तीखाली तेलाचा साठाच आहे. एकोणिसाव्या शतकापासून इथे रिफायनऱ्या आणि तेलाच्या टाक्या होत्या. त्यांतून गळालेलं हे तेल. पहिला अंदाज निघाला १ कोटी ७० लाख गॅलन, म्हणजे जवळपास साडेसहा कोटी लिटर. १९८९ मध्ये अलास्काच्या समुद्रात 'एक्सॉन व्हाल्डीझ' जहाजातून सांडलेलं तेल सुमारे १ कोटी १० लाख गॅलन होतं. तिथले तेलाने माखलेले पक्षी साऱ्या जगाने पाहिले. ग्रीनपॉइंटचं तेल रस्त्यांच्या आणि घरांच्या खाली, त्यामुळे फोटो काढायलाही काही नव्हतं.

तेल पाण्याहून हलकं. जमिनीत मुरत ते भूजलाच्या पातळीपर्यंत उतरतं आणि तिथे तरंगत पसरतं. मग नुसतं वरचं तेल का उपसू नये? कारण विहिरीजवळचं थोडंसं तेल निघालं की बाकीचं वाळूच्या कणांमधून अगदी सावकाश येतं. म्हणून एकाच विहिरीत दोन पंप सोडतात. खालचा पंप पाणी ओढतो आणि विहिरीभोवती भूजलाची पातळी खचते. शेजाऱ्याच्या खोल बोअरने आपली विहीर आटलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा खड्डा वेगळा समजावून सांगायला नको. इथे तो मुद्दाम पाडतात, तेल उताराने त्यात येतं आणि वरचा पंप ते उचलतो.

खरी कटकट त्या पाण्याची. दिसायला ते स्वच्छ असेल, पण त्यात बेंझिन विरघळलेलं असतं. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या या रसायनाची पिण्याच्या पाण्यातली अमेरिकी मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलला लागून असलेल्या भूजलात ते याच्या हजारो पट सापडू शकतं. सुदैवाने बेंझिन पटकन उडतं. म्हणून आधी टाकीत तेल-पाणी वेगळं करतात, मग पाणी उंच मनोऱ्यातून खाली सोडून खालून हवा फुंकतात. बेंझिन हवेबरोबर निघून जातं (ती हवाही गाळावी लागते, नाहीतर पाण्यातलं प्रदूषण आकाशात!). उरलंसुरलं सक्रिय कोळसा धरून ठेवतो. भूजलात विरघळलेलं लोह मात्र हवा लागताच गंजासारखं साचतं आणि मनोरे, पाइप तुंबवतं. असा प्रकल्प चालवणाऱ्यांचा बराच वेळ या लोखंडी गाळाशी झगडण्यात जातो.

ग्रीनपॉइंटमधून आजवर १ कोटी २० लाख गॅलनहून जास्त तेल निघालं आहे. आकडा मोठा आहे, पण तो फसवाही आहे. पहिलं तेल भराभर येतं, मग धार बारीक होत जाते. वाळूच्या कणांमध्ये थेंबाथेंबाने अडकलेलं तेल पंपाच्या ओढीने हलत नाही आणि पाण्यात थोडं थोडं विरघळत राहतं. पंप बंद केला, की काही महिन्यांत बेंझिनचं प्रमाण पुन्हा वर चढू शकतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने असा उपसा चाललेल्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरवलेली शुद्धता तोवर गाठलेली नव्हती.

माझ्या मते म्हणूनच पंपाकडून सफाईपेक्षा राखणदारीची अपेक्षा धरावी. दूषित पाणी पुढच्या विहिरीकडे किंवा खाडीकडे सरकू न देणं त्याला चांगलं जमतं. उरलेल्या तेलाचा समाचार बऱ्याच अंशी जिवाणू घेतात. मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये पाइपलाइन फुटली होती. तिथे १९८३ पासून शास्त्रज्ञ नेमकं हेच पाहत आहेत. ऑक्सिजन संपला, की तिथले जिवाणू मातीतल्या लोहाच्या आधारे तेल फोडतात, पुढे मिथेनही तयार करतात. चार दशकं उलटली, तरी त्यांचं काम अजून चालूच आहे.