बुटाला भोक पडेपर्यंत: साथीचा माग काढणाऱ्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगची पार्श्वभूमी

कुठं साथ आली की बातमीत येतं, 'केंद्राचं पथक दाखल'. हे पथकवाले शिकतात कुठं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

सुरुवात अमेरिकेतली, 1951 ची. कोरियाचं युद्ध चालू होतं, शत्रू जंतू सोडेल अशी भीती होती, आणि तेवढ्या भीतीवर सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या अलेक्झांडर लँगम्युर यांनी एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस (ईआयएस), म्हणजे साथीचा माग काढणाऱ्यांचं पथक, सुरू करून घेतली. दोन वर्षांचं ट्रेनिंग, वर्गात थोडं आणि बाकी सगळं साथ असेल तिथं जाऊन. यांचं चिन्ह म्हणजे भोक पडलेला बुटाचा तळ, म्हणजे चाल बाबा, दारोदार फीर आणि विचार. 1955 ला पोलिओची लस घेतलेल्या मुलांनाच पोलिओ व्हायला लागला तेव्हा कुठल्या कंपनीची लस, कधी टोचली हे जुळवायच्या कामात हीच मंडळी होती. पुढे 1980 ला थायलंडनं असाच कोर्स सुरू केला.

आपल्याकडे मात्र उशीरच झाला. 1994 ला आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग, मग सुरतेत फुफ्फुसाचा, लोक रेल्वे भरभरून पळाले, आणि हा नक्की प्लेगच का यावर तज्ज्ञांची भांडणं नंतरही चालूच. त्यानंतर 2001 ला चेन्नईच्या एनआयई या साथरोगांच्या सरकारी संस्थेत असाच दोन वर्षांचा कोर्स आला, 2004 ला देशभर साथींवर लक्ष ठेवणारा आयडीएसपी हा सरकारी कार्यक्रम, आणि 2012 ला दिल्लीच्या एनसीडीसी या केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेत इंडिया ईआयएस, म्हणजे त्या अमेरिकन ट्रेनिंगचा भारतीय अवतार.

या ट्रेनिंगचा उपयोग बघायचा तर बिहारमधलं, लिचीच्या बागांचं मुजफ्फरपूर बघा. 1995 पासून दर उन्हाळ्यात लहान पोरं पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडायची, कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे ऊन. 2014 ला दोन हॉस्पिटलांत 390 पोरं ॲडमिट झाली, 122 गेली. तपासाला गेलेल्या टीमनं आजारी पोरांच्या जोडीला दुसऱ्या आजारांनी ॲडमिट झालेली पोरंही घेतली आणि दोन्हीकडच्या आयांना तेच प्रश्न विचारले, लिची खाल्ली का? काल रात्री पोरगं जेवलं होतं का? इतका साधा प्रश्न, पण गाठ तिथंच सुटली. दिवसभर बागेत लिची खाऊन उपाशी झोपलेल्या पोरांची साखर रात्रीत घसरत होती, लिचीतलं हायपोग्लायसिन नावाचं विषारी द्रव्य शरीराला नवी साखर बनवू देत नव्हतं. मग सल्लाही तसाच निघाला, लिची बेतानं द्या, पोराला रात्री जेवू घाला, आणि हॉस्पिटलात आणलं की आधी साखर तपासून ग्लुकोज लावा.