अन्नदान करताय तर रेशनकार्डाचे फॉर्मपण भरून द्या: कोल्हापुरातल्या मंडळांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

कोल्हापुरात जेवण घालायला माणसं कधी मागं सरत नाहीत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत अन्नछत्रं चालतात, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाळांत नि मंगल कार्यालयांत आलेल्या लोकांसाठी गल्लीगल्लीत चुली पेटल्या, लॉकडाऊनमध्ये पोरं गाडीवरनं डबे पोचवत होती. ही आपली ताकद आहे आणि ती कमी लेखायची नाही. पण तालमीतल्या, बचत गटातल्या सगळ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. चार माणसांच्या एका घराचं नाव अन्न सुरक्षा योजनेत बसलं तर त्या घराला महिन्याला २० किलो म्हणजे वर्षाला २४० किलो धान्य फुकट मिळतं, आणि अशी दहा घरं जोडली की वर्षाला २४०० किलो, तेही पुढची कित्येक वर्षं. एवढं धान्य वर्गणीतनं दरवर्षी घेणं कुठल्या मंडळाला परवडणार? त्यामुळं महाप्रसाद कराच, पण त्याच मांडवात एक टेबल रेशनकार्डाच्या फॉर्मचं लावा.

आता नीट एकेक बघू.

कार्ड आहे पण धान्य नाही, असं का होतं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. रेशनकार्ड असणं वेगळं आणि धान्य मिळणं वेगळं. पिवळं, केशरी, पांढरं हे रंग आपल्या राज्यात १९९९ पासून आहेत, पण धान्य कुणाला मिळणार हे ठरतं राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ वरनं, जो महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात दोनच गट, एक अंत्योदय आणि दुसरा प्राधान्य कुटुंब. अंत्योदयला कार्डामागं महिन्याला ३५ किलो, घरात माणसं किती का असेनात. प्राधान्यला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढं पाच वर्षं मोफतच राहणार आहे. गहू किती नि तांदूळ किती हे प्रमाण मधनंमधनं बदलतं, त्यावरनं दुकानदाराशी भांडू नका, एकूण किलो बघा.

म्हणजे केशरी कार्ड असलेली शेजारची मावशी 'माझं कार्ड हाय की' म्हणते, पण ते कार्ड प्राधान्य गटात बसलेलं नसेल तर तिला धान्य येत नाही आणि बऱ्याच जणांना हे वर्षानुवर्षं माहीतच नसतं, त्यांना वाटतं दुकानदारच देत नाही. म्हणून घरोघरी गेल्यावर कार्ड आहे का असं विचारू नका, गेल्या महिन्यात धान्य उचललं का आणि किती माणसांचं उचललं ते विचारा. पाच माणसं असून तिघांचंच मिळतंय अशी घरं भरपूर निघतील, कारण सून आली, बाळ झालं आणि नाव घालायचं राहून गेलं.

कोण बसतं

प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार. शहरातसुद्धा महिन्याला पाच हजारांच्या आतच आलं ते. ही मर्यादा कायदा आला तेव्हाची आहे आणि माझ्या मते ती कधीच वाढवायला पाहिजे होती, धुणीभांडी करून पोरं शिकवणारी बाई सुद्धा कागदावर तिच्या बाहेर जाऊ शकते. पण आज नियम हाच आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तो आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातनं काढायचा. खोटं उत्पन्न लिहायला कुणालाही सांगू नका, पुढं पडताळणीत कार्ड रद्द झालं तर भोगावं त्या घराला लागतं, आपल्याला नाही.

अंत्योदयसाठी निकष जास्त कडक आहेत आणि तो गरिबातल्या गरिबांसाठीच आहे. भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक, कुंभार-चांभार असे ग्रामीण कारागीर, हमाल, हातगाडीवाले, विधवा किंवा अपंग किंवा दुर्धर आजारी व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेलं घर, साठीच्या पुढची आधार नसलेली माणसं. अशी एकटी म्हातारी माणसं प्रत्येक पेठेत आहेत आणि ती स्वतःहून कधी ऑफिसात जात नाहीत. त्यांच्यापासनं सुरुवात करा.

आणि एक कडू गोष्ट आधीच सांगतो. पात्र असलं म्हणजे लगेच नाव लागतं असं नाही. प्रत्येक जिल्ह्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसं बसवायची तो आकडा, ठरलेला असतो, राज्याचा मिळून साधारण ७ कोटींचा आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. जागा असली तर नाव लवकर बसतं, नसली तर थांबावं लागतं. जागा होते कधी तर मयतांची, दुसरीकडं गेलेल्यांची नावं कमी झाली की, किंवा ज्यांची परिस्थिती सुधारलीय त्यांनी आपणहून नाव सोडलं की. म्हणून मंडळानं फक्त नावं घालायचं काम न करता कमी करायचं कामपण करावं. घरात चांगली नोकरी लागली, चारचाकी आली, तर त्या घराशी प्रेमानं बोलून स्वेच्छेनं धान्य सोडायचा अर्ज द्यायला लावा. ते केवढं मोठं अन्नदान आहे बघा, आणि भागात ओळख असल्यामुळं हे मंडळच करू शकतं, ऑफिस नाही करू शकत.

कागदपत्रं

नवीन कार्डासाठी घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, कुटुंबप्रमुख बाईचा फोटो आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, पत्त्यासाठी लाईट बिल किंवा घरफाळ्याची पावती, भाड्यानं असाल तर भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, गॅस कनेक्शन असेल तर त्याचं पुस्तक, आणि स्वयंघोषणापत्र. कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई लावायची, कायद्यातच तसं आहे, त्यामुळं 'मालकांच्या नावावर करा' म्हणून कुणी हट्ट धरला तर समजावून सांगा.

विभक्त होऊन वेगळं कार्ड काढत असाल तर जुन्या कार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला पाहिजेच. बहुतेक अर्ज अडकतात ते इथंच. आधार एका कार्डाला जोडलेलं असताना दुसऱ्या कार्डावर सिस्टीम नाव घेत नाही. लग्न होऊन आलेल्या पोरीचं पण तसंच, माहेरच्या कार्डातनं नाव कमी केल्याशिवाय सासरी लागत नाही, आणि माहेर चंदगड-आजऱ्याकडचं किंवा सीमेपलीकडं बेळगाव-निपाणीचं असलं की ते राहूनच जातं. अशा सुनांची यादी वेगळी काढा. बाळासाठी जन्मदाखला, तो महापालिकेतनं किंवा ग्रामपंचायतीतनं मिळतो, आणि आधार काढलेलं असावं.

फॉर्मचे नंबर लक्षात ठेवा, खिडकीवर तेच विचारतात. नवीन कार्डासाठी नमुना १, नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९, पत्ता किंवा दुकान वगैरे बदलायला नमुना १४, आणि हरवलं-भिजलं तर दुय्यम कार्डासाठी नमुना १५. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या पूरपट्ट्यातल्या मंडळांनी पावसाळ्याआधी प्रत्येक घराच्या कार्डाचा फोटो आणि बारा अंकी नंबर एका ठिकाणी लिहून ठेवावा, कार्ड वाहून गेलं तरी नंबर असला की काम थांबत नाही.

अर्ज कुठं नि कसा

राज्याच्या अन्न पुरवठा विभागाची आरसीएमएस नावाची वेबसाईट आहे, त्यात पब्लिक लॉगिन असतं. आधार आणि मोबाईल नंबर टाकून ओटीपी घ्यायचा, नवीन अर्ज निवडायचा, माणसांची माहिती भरायची, कागदपत्रं स्कॅन करून जोडायची आणि सबमिट. नावं आधारावर जशी आहेत तशीच टाईप करा, एका वेलांटीवरनं अर्ज परत येतो. मंजूर झालं की ई-रेशनकार्ड तिथनंच डाउनलोड होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. एजंट दोन-तीन हजार मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात, सरकारी फी तेवढी नाहीच. हे पोरापोरांत बसून मोबाईलवर होण्यासारखं काम आहे, म्हणून तर म्हणतो मंडळानं करावं.

ऑनलाइन नाही जमलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत कागदी अर्ज द्यायचा. कोल्हापूर शहरातल्यांनी शहराच्या पुरवठा कार्यालयात आणि बाकीच्यांनी आपापल्या तालुक्याच्या तहसीलला. अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्यानंतर पुरवठा निरीक्षक किंवा गावाकडं तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते चौकशी करू शकतात, त्या वेळी घरात कुणीतरी असावं. आणि नवीन कार्डाचा अर्ज करतानाच प्राधान्य गटात घेण्यासाठीचा अर्ज, हमीपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, नाहीतर नुसतं कार्ड हातात पडतं.

नाव लागल्यावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं माणसाची ओळख पटवणं, करायची. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन होते किंवा मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून घरी बसून होते. कष्टाची कामं करून बोटांचे ठसे झिजलेली माणसं, म्हातारी माणसं यांचा अंगठा लागत नाही, त्यांच्यासाठी हे चेहऱ्याचं फार उपयोगाचं आहे, फोन तेवढा आपला न्यायचा. ई-केवायसी राहिली की धान्य बंद होऊ शकतं, म्हणून हे पुढं ढकलू नका.

ऊसतोडीला आलेली आणि बाहेरगावची माणसं

आपल्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा लई मोठा आहे. हंगामात बीडकडनं, जतकडनं ऊसतोड मजूर कारखान्यांवर येतात, इचलकरंजीत यंत्रमागावर नि शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं आहेत. वन नेशन वन रेशन कार्डमुळं त्यांना इथल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, पत्ता बदलायची गरज नाही, इथं नवीन कार्ड काढायची तर अजिबात नाही. बारा अंकी नंबर किंवा आधार आणि अंगठा, बास. गावाकडं आई-वडील राहिले असतील तर थोडं इथं नि थोडं तिथं असंही उचलता येतं. अडचण एवढीच की ही माणसं दिवसभर फडात असतात आणि दुकान दिवसाच उघडं असतं. मंडळानं कारखान्याच्या तळावर जाऊन नंबर तपासून द्यावेत, दुकानदाराशी बोलून एखादी संध्याकाळ ठरवून घ्यावी, आणि तळावरच्या लहान पोरांची नावं जवळच्या अंगणवाडीत घालावीत. अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या पोरांना आणि गरोदर, स्तनदा बायकांना पोषण आहार मिळतो, त्याला रेशनकार्डाची अट नाही.

मंडळ स्वतः जेवण देणार असेल तर

एखाद दिवसाच्या महाप्रसादापुरतं सोडा, पण रोजचं किंवा आठवड्याचं अन्नछत्र चालवायचं असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते. छोट्या स्वयंपाकघराला बेसिक नोंदणी असते, त्याला जबाबदार माणसाचा फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. लग्नातलं, हॉटेलातलं उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, २०१९ साली आले नि जुलै २०२० पासून लागू झाले. त्यात कुठनं किती घेतलं, कुठं किती दिलं याची नोंद, शाकाहारी-मांसाहारी वेगळं आणि डब्यावर पदार्थाचं नाव हे सगळं सांगितलंय. पांढरा-तांबडा रस्सा आणि मटण उन्हाळ्यात तासातासानं बिघडतं, त्यामुळं ते घेताना फार विचार करा, भुकेल्या माणसाला विषबाधा झाली तर त्याला दवाखान्याचा खर्चही झेपत नाही.

देणग्या घ्यायच्या असतील तर संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवलेली आणि पॅन, बँक खातं संस्थेच्या नावावर असलेलं बरं. शिवभोजन केंद्राचं विचारणारेपण खूप असतात. ती योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पण नवीन केंद्र मंजूर थाळ्यांच्या संख्येतनंच मिळतं, त्यामुळं आधी जिल्हा पुरवठा कार्यालयात जागा आहे का विचारा आणि मगच भांडी घ्या.

अडलं तर

धान्य कमी दिलं, पावती दिली नाही, दुकान बंद ठेवलं तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या टोल फ्री नंबरवर तक्रार होते. ई-पॉसची पावती मागून घ्यायची सवय लावा, तिच्यावर किती किलो ते छापलेलं असतं. रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी भागाची दक्षता समिती असते, तिच्यात कोण कोण आहे ते विचारा आणि मंडळातल्या बायकांची नावं तिथं यावीत म्हणून प्रयत्न करा. अर्जच अडवून ठेवला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मुदतीत सेवा मिळणं हा हक्क आहे. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, मग दुसरं, त्यानंतर सेवा हक्क आयोगाकडं जायचं. नाकारल्याचं कारण लेखी मागा, तोंडी 'होत नाही' वर परत येऊ नका. अपिलाला पोहोच जोडावी लागते, म्हणून मंडळानं एक फाईल करून त्यात प्रत्येक घराच्या अर्जाची पोहोच, तारीख आणि अर्ज क्रमांक लावून ठेवावा, आणि दर पंधरा दिवसांनी दोघांनी बसून कुणाचं कुठपर्यंत आलंय ते ऑनलाइन बघून त्या त्या घरी जाऊन सांगावं.