क्रॉप करणं आणि जवळ जाणं: फ्रेम सारखी, फोटो वेगळा

सप्टेंबरात कासच्या पठारावर ‘इथूनच काढ, घरी गेल्यावर क्रॉप करू’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. क्रॉप केलं, म्हणजे फोटोच्या कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवला काय आणि पुढे सरकलं काय, फुलं मोठी दिसल्याशी कारण, असा त्यामागचा समज. निसर्गाचे फोटो सपाट येण्याचं एक मोठं कारण हा समजच आहे, असं माझं ठाम मत आहे.

साधा हिशोब करू. सोनकीचा ताटवा कॅमेऱ्यापासून 2 मीटरवर आहे आणि मागचा डोंगर 2 किलोमीटरवर. फोटो क्रॉप करून त्याची रुंदी निम्मी केली आणि तो पुन्हा पूर्वीच्याच आकारात पाहिला, तर फुलं दुप्पट मोठी दिसतात आणि डोंगरही दुप्पट. दोघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जसंच्या तसं. आता क्रॉप न करता 1 मीटर पुढे जा. फुलं दुप्पट झाली, पण डोंगर होता तेवढाच राहिला, कारण 2 किलोमीटरच्या अंतरात एक मीटर कुठल्या कुठे विरून जातो. फुलं अंगावर येतात, डोंगर मागेच थांबतो आणि मधलं पठार जाणवू लागतं. फोटोतली खोली म्हणतात ती हीच. ती कॅमेरा कुठे आहे यावर ठरते, नंतर कापून मिळत नाही.

अर्थात, पुढे जायचं म्हणजे फुलं तुडवत जायचं नाही. वाटेवरच गुडघ्यावर बसलात तरी जागा बदलते, आणि जमिनीवर सपाट दिसणारी तीच फुलं डोंगरावर उमटलेली दिसतात.

जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी सुळका घ्या. काही ठिकाणांहून तो किल्ल्याच्या कातळात मिसळून जातो, थोडं बाजूला सरकलं की दोघांच्या मध्ये आकाशाची फट दिसते आणि सुळका एकटा उठून उभा राहतो. ही फट जिथून दिसते तिथे पायानंच जावं लागतं.

झूम मात्र क्रॉपच्याच जातीचा. लेन्सवरचा मिमीचा आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, जितका मोठा तितकं दृश्य जवळ दिसतं. एकाच जागेवरून 24 मिमीवर काढलेल्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली, तर रचना 48 मिमीच्या फोटोसारखीच दिसते. फरक पिक्सेलचा: 6000×4000 चा फोटो 3000×2000 होतो, म्हणजे 24 मेगापिक्सेलचे 6 उरतात. 300 डीपीआयनं, म्हणजे दर इंचाला 300 पिक्सेल धरून छापायचा तर जेमतेम 10 इंच रुंद. मोबाइलवर बोटांनी झूम करत लेन्सच्या आवाक्याबाहेर गेलात, की तेही क्रॉपच.

मग क्रॉप कशासाठी? काय ठेवायचं हे ठरवण्यासाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. पावसाळ्यातलं पांढरंफटक, कोरं आकाश निम्म्या फ्रेमभर पसरलेलं असतं. सह्याद्रीचे बेसाल्टचे थर आडवे, एकावर एक. वरचं आकाश कापून रुंदी-उंचीचं प्रमाण 16:9 केलं की नजर त्या थरांवरून सरळ आडवी फिरते, आणि 6000×3375 उरल्यानं 20 मेगापिक्सेल शिल्लकच राहतात. कडेनं घुसलेली फांदी, कोणाच्या तरी सॅकचा पट्टा, हेही सहज निघून जातं.

पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी कात्री फार जपून चालवावी. कड्याची उंची खालच्या दरीमुळे कळते. कातळ मोठा दिसावा म्हणून तळाची दरी आणि काठावरचा ठिपक्याएवढा माणूस कापला, तर मागे नुसती दगडी भिंत उरते. म्हणून तिथे फोटो काढतानाच चारी बाजूंनी थोडी जागा जास्त ठेवावी. कॅमेरा किंचित कललेला असेल तर क्षितिज सरळ करताना कोपरे जातातच, आणि फ्रेम घट्ट असेल तर त्यात आधी दरीच जाते.