पत्रिका आहे, पण सुरुवातीचा कर्ब कुठाय?

विना नांगरणी शेतीवर पीएचडी करणाऱ्या पोराला गाईड पहिल्यांदा हेच विचारतो, नांगर थांबवला तेव्हा जमिनीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कार्बन, किती होता? शेतकरी कपाटातून मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचा सरकारी अहवाल, काढून देतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

2010 ला खत अनुदानाचं धोरण बदललं, स्फुरद-पालाशवाली (फॉस्फरस-पोटॅशची) खतं महागली, युरिया मात्र स्वस्तच राहिला, मग लोक युरियाच ओढणार ना. हा तोल सावरायला फेब्रुवारी 2015 मध्ये पत्रिकेची योजना आली, 12 घटक तपासायचे, त्यात सामू (पीएच), नत्र, जस्त, बोरॉन आणि हा कर्ब.

पण नमुना शेतावार घ्यायचा नाही, ग्रिडवार, म्हणजे नकाशावर चौकोन पाडून, घ्यायचा असं ठरलं. बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत 10 हेक्टरला एक. म्हणजे जिरायतीत साधारण 25 एकरात एक नमुना, आणि त्या चौकोनातल्या सगळ्या खातेदारांना तेच आकडे छापून. देशभर कोट्यवधी खातेदार, लॅब मोजक्या, दोन वर्षांची मुदत, त्यामुळे अडचण खरीच होती. तरी मराठवाड्यात एकाच चौकोनात वर मुरमाड माळ आणि खाली ओढ्याकाठची खोल काळी असते, तिथे एकच आकडा कुणाचा धरायचा? नमुना घ्यायची रीत बघा, आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे, 15 सेंमी खोल, बांध, झाड आणि उकिरड्यापासून लांब, माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. एवढी काळजी घेऊन काढलेली माती शेजारच्याची असेल तर पत्रिका खतासाठी अंदाज म्हणून चालेल, थिसिसला नाही चालत.

2019-20 मध्ये निवडक गावांत शेतावार नमुने घेऊन बघितले, पुढे ॲपवर लोकेशन टाकायची सोय आली. हे आधीच करायला हवं होतं असं माझं मत.

आणखी एक भानगड आहे. कर्ब मोजायची नेहमीची डायक्रोमेट या रसायनाची पद्धत 1934 ची, ती सगळा कर्ब पकडत नाही म्हणून वरून गुणक लावतात, तो सगळ्या जमिनींना सारखा लागू पडत नाही. त्यात नमुना वरच्या 15 सेंमीचाच, आणि नांगर थांबला की पालापाचोळा वरच्या थरातच साठतो, त्यामुळे वाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून आता ही पोरं स्वतःच 30 सेंमी आणि त्याखाली खणतात, शेजारचं नांगरलेलं रान तुलनेला घेतात.