साप्ताहिक सुटी, गिरणी कामगारांची

सात दिवसांतून एक दिवस कामापासून मोकळीक मिळण्याचा कामगारांचा हक्क. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो १८९० मध्ये मालकांनी मान्य केला आणि १८९१ च्या कारखाना अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार मिळाला. १० जून १८९० पासून देशाला रविवारची सुटी मिळाली, असे विधान सर्रास आढळते. ते सैल आहे. सरकारी कचेऱ्या व न्यायालये त्याआधीही रविवारी बंद असत. प्रश्न होता तो गिरणीतल्या कामगारांचा.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची उभारणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये केली. उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढची तीन दशके गिरण्या साधारणपणे उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. सणासुदीच्या मोजक्या सुट्या मिळत, पण रविवार बहुधा यंत्रे पुसण्यात जाई. सफाईचा हा अर्धा दिवस मालकांच्या हिशेबात सुटीत धरला जाई आणि साचेखात्यात (विणाई विभागात) मजुरी नगावर असल्याने विणकराला त्याचे काही मिळत नसे. पगार महिना उलटून गेल्यावरही कित्येक आठवडे अडकवून ठेवला जाई. त्यामुळे सुटी व पगाराची तारीख या मागण्या सुरुवातीपासून जोडीने आलेल्या दिसतात.

पहिला कारखाना अधिनियम १८८१ चा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास, एक तास विश्रांती व महिन्याला चार सुट्या, धोकादायक यंत्रांना कुंपण, अपघाताची वर्दी या त्यातील मुख्य तरतुदी. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या वेळेविषयी वा सुटीविषयी त्यात काहीही नव्हते. ही सुटी कोणामुळे मिळाली, या वादाचा निवाडा करताना हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो.

वाद श्रेयाचा आहे. एका मतानुसार भारतीय कारखाना कायदे हे इंग्लंडमधील कापड उद्योगाचे केंद्र असलेल्या लँकेशरच्या दबावाचे अपत्य होय : मुंबईचे स्वस्त सूत मँचेस्टरला जड जाऊ लागले आणि तेथील गिरणीमालकांना भारतीय मजुरांचा कळवळा आला. १८७५ पासून ब्रिटिश संसदेत झालेल्या चर्चांकडे हे अभ्यासक बोट दाखवतात. राष्ट्रीय वृत्तीच्या तत्कालीन वृत्तपत्रांनीही कायद्याला याच कारणाने विरोध केला. दुसरे मत मानवतावादी सुधारकांना महत्त्व देते. त्यात सोराबजी शापूरजी बंगाली यांचे नाव अग्रभागी येते. १८७५ च्या मुंबई कारखाना आयोगात बहुमत कायद्याविरुद्ध होते, तरी त्यांनी पुढे विधेयकाचा मसुदा तयार केला. मार्च १८९० च्या बर्लिन परिषदेने रविवारच्या विश्रांतीची शिफारस केल्याने ब्रिटिश सरकारवर आलेल्या नैतिक दडपणाचाही उल्लेख केला जातो.

यांतील पहिल्या दोन कारणांनी १८८१ चा कायदा बराचसा उलगडतो. प्रौढांच्या सुटीचा मात्र तिन्ही कारणांनी पूर्ण उलगडा होत नाही. ती मागणी लेखी स्वरूपात आली ती कामगारांच्या सभांतून. दीनबंधु पत्राचे संपादक व सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये, मुंबईत दुसरा कारखाना आयोग बसला असताना, कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सादर केला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, या त्यातील मागण्या. यांतली शेवटची मागणी कायद्यात यायला १९२३ उजाडले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १० जून रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. नवा अधिनियम त्यानंतरचा आहे, हा क्रम पाहता कामगारांच्या रेट्याला प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा युक्तिवाद लोखंडे यांनी केला, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. १८८४ च्या मागण्यांचा भर मात्र विश्रांतीवर दिसतो.

लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’च्या स्थापनेचे वर्ष काही ग्रंथांत १८८४, तर काहींत १८९० दिले आहे. पहिली सभा व संस्थेचे नाव रूढ होणे यांत गल्लत झाल्याने हा फरक पडला असावा. संस्थेची सभासदसूची, निधी व नियम नव्हते, अशी नोंद १८९२ सालच्या कारखानाविषयक सरकारी अहवालात आहे. आधुनिक अर्थाने ती कामगार संघटना होती का, याविषयी त्यामुळेच मतभेद आहेत. वर्गणीचे पुस्तक नसणे आणि दहा हजार माणसे जमवता न येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे नोंदवता येईल.

१८९१ च्या अधिनियमाने कायदा लागू होण्याची मर्यादा ५० कामगारांवर आणली, साप्ताहिक सुटी सर्वांना लागू केली, स्त्रियांना दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ केले. प्रौढ पुरुषांच्या तासांना, तेही कापड गिरण्यांपुरते, बंधन आले ते १९११ च्या अधिनियमाने. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२१ च्या साप्ताहिक विश्रांती संकेताला (आंतरराष्ट्रीय करार, क्र. १४) भारताने १९२३ मध्ये मान्यता दिली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५२ अन्वये रविवारी काम करून घ्यायचे असल्यास आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस सुटी देणे आवश्यक ठरले. अशी अदलाबदल करतानाही सुटीविना सलग दहा दिवसांहून अधिक काम घेता येत नसे. २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली.

ही सुटी पगारी असलीच पाहिजे, असे मात्र कारखाने अधिनियम म्हणत नव्हता. विश्रांतीच्या दिवसाच्या मोबदल्याची तरतूद त्याच वर्षीच्या किमान वेतन अधिनियमात (कलम १३) होती, तीही अनुसूचित, म्हणजे त्याच्या यादीतील, रोजगारांपुरती. रोजंदारीवरच्या व बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेल्या) कामगाराला त्यामुळे सुटी म्हणजे बुडालेली मजुरी असा अनुभव येतो आणि सुटीच्या दिवशीही काम मागणारे हात नाक्यावर दिसतात.

शेतमजूर, घरकामगार व ऊसतोड मजूर यांच्या सुटीविषयी लिखित साधने तुटपुंजी आहेत. ऊसतोडीत कोयत्याने, म्हणजे मजूर जोडप्याने, आजारपणात काम चुकवले तरी मुकादम खाडा धरतो आणि त्याची रक्कम उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबात लावतो.