षटकांच्या हिशोबात न येणारे चेंडू

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या साधारण पाच ते सातपट जोर जमिनीकडून उलटा अंगात येतो. नेमकी त्याच वेळी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. हा ताण खालच्या मणक्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या हाडाच्या बारीक पट्टीवर एकवटतो. म्हणून उजव्या हाताने टाकणाऱ्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला जाणारी चीर, बहुधा डाव्या बाजूला होतं, डावखुऱ्याला उजव्या.

ताण पडला की हाड स्वतःची डागडुजी करतं, पण तिचा क्रम अडचणीचा आहे. आधी झिजलेला भाग खरवडून काढला जातो, मग नवं हाड भरलं जातं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. त्यात पोरवयात उंची आणि वेग भराभर वाढतात, कमरेचे मणके मात्र पंचविशीच्या आसपास पक्के होतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने २०११ मध्ये, १८व्या वर्षी पदार्पणाच्या कसोटीत ७ बळी घेतले. पाठ वारंवार दुखावत राहिली आणि दुसरी कसोटी उजाडली थेट २०१७ मध्ये.

मग चेंडू कमी टाकावेत का? इतकं सोपं नाही. वर्षभर बेताने टाकत राहिलं तर हाड उलट घट्ट होतं. घात होतो तो चेंडूंची संख्या अचानक वाढल्याने: परीक्षेची सुट्टी संपते आणि पहिल्याच आठवड्यात शाळा, क्लब, निवड चाचणी असं सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय दुखणं लगेच कळत नाही. ऑस्ट्रेलियात प्रथम श्रेणीच्या गोलंदाजांवर झालेल्या अभ्यासात, एका सामन्यात ५०हून जास्त षटकं टाकल्यावर दुखापतीचा धोका पुढचे तीन-चार आठवडे चढा राहिलेला दिसला. तोवर दोष मात्र कालच्या सरावाला दिला जातो!

इंग्लंडच्या मंडळाने १३ वर्षांखालच्यांसाठी एका स्पेलला (सलग टाकायच्या हप्त्याला) ५ आणि दिवसाला १० षटकं अशी मर्यादा अनेक वर्षं ठेवली होती. मर्यादा चांगलीच, पण दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाच्या चेंडूंच्या नोंदीची वही कोणा एका प्रशिक्षकाकडे नसते आणि नेटमधले चेंडू तर बहुतेक कोणीच लिहीत नाही. माझ्या मते ती वही मुलाकडेच हवी.

कमरेच्या एकाच बाजूला, टाकताना वाढणारं दुखणं स्नायूचं समजून चोळत बसू नये. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. एमआरआयमध्ये मात्र चीर पडण्याआधीच हाडातली सूज दिसते, आणि तेव्हाच थांबलं तर मैदानावर परतणं बरंच लवकर होतं.