सर्दी कुणाला होते?

सर्दीचा विषाणू नाकात शिरला की सर्दी होतेच, असं नाही. तोच विषाणू एकाला अंथरुणाला खिळवतो, दुसऱ्याला साधी शिंकही येत नाही. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध शेल्डन कोहेन यांनी अनेक वर्षं घेतला. ते अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यांचा पहिला मोठा अभ्यास इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात झाला आणि १९९१ साली प्रसिद्ध झाला. ३९४ निरोगी स्वयंसेवकांना आधी त्यांच्या मनावरच्या ताणाबद्दल विचारलं, मग नाकात विषाणूचे थेंब टाकले. ताण जसजसा जास्त, तसतसं सर्दीचं प्रमाणही वाढत गेलं: सुमारे २७ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९९७ चा अभ्यास. जोडीदार, आईवडील, सासरची मंडळी, मुलं, शेजारी, मित्र, सहकारी अशा बारा प्रकारच्या नात्यांपैकी किती प्रकारांत नियमित बोलणं होतं, हे २७६ जणांना विचारलं होतं. नंतर त्यांना विषाणू देऊन हॉटेलात वेगळं ठेवलं. सर्दी झाली की नाही, हे नुसत्या तक्रारीवर ठरवलं नाही. शिंकरलेले कागदी रुमाल वजन करून पाहिले. एक ते तीन प्रकारची नाती असलेल्यांना सर्दीचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. खरं तर ज्याचा माणसांत वावर जास्त, त्यालाच विषाणू जास्त भेटणार. इथे मात्र तो सगळ्यांच्याच नाकात घातला होता, त्यामुळे प्रत्येकाचं शरीर त्याला कसं तोंड देतं तेवढंच दिसलं. धूम्रपान, झोप, व्यायाम यांचा हिशेब धरूनही हा फरक पुरता मिटला नाही. अर्थात नाती कुणाला चिठ्ठ्या टाकून वाटून देता येत नाहीत, म्हणून कारण नात्यांतच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ताणाच्या बाबतीत मात्र शरीरात काय घडतं, याचा एक धागा २०१२ मध्ये हाती लागला. कॉर्टिसोल हे संप्रेरक एरवी दाह, म्हणजे शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया, आवरतं. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांच्या प्रतिकारपेशी त्याला नीट दाद देत नाहीत, आणि अशांनाच सर्दी जास्त झाली. नाक वाहणं, घसा दुखणं ही लक्षणं बरीचशी या दाहातूनच येतात.